काय बदललं? संरक्षण दलांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपऱ्यांवर हल्ली एकच विषय असतो. जवळच ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाची असेंब्ली लाइन सुरू झाली, त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही दुसरी लाइन तिथे आली. १९६४ पासून मिग आणि पुढे सुखोई बनवणाऱ्या त्या कारखान्यातून आता आणखी कामं बाहेर पडतील, असं सगळेच धरून चाललेत. दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन), एक टर्निंग सेंटर आणि दहा माणसं असलेला मालक विचारतो, "सर, एएस ९१०० चं, म्हणजे विमान क्षेत्राच्या गुणवत्ता पद्धतीचं सर्टिफिकेट काढलं की काम मिळेल ना?" मिळेलही. पहिली ऑर्डर मिळणं फार अवघड नसतं. दुसरी मिळते का, ते पाहायचं.

माझी अर्धी नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांत गेली आणि अर्धी संरक्षणाच्या कामात. गाड्यांच्या कामात महिन्याला दहा हजार नग निघतात. चार्ट लावला, सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती आरामात बसतात ते सांगणारा आकडा) १.३३ च्या वर ठेवला, की आकडेच तुम्हाला सांभाळून घेतात. संरक्षणाच्या कामात बारा नग असतात, मग आठ महिने काहीच नाही, मग पुन्हा बारा. तोवर मशिन लावून देणारा सेटर सोडून गेलेला असतो, जॉब पकडायचं फिक्स्चर रॅकच्या मागे धूळ खात असतं आणि प्रोग्राममध्ये कोणीतरी "जरा" फरक केलेला असतो. बारा नगांवर कसला चार्ट लावणार? तिथे दुसरंच हत्यार लागतं. ते म्हणजे एक प्रश्न, मागच्या वेळेपेक्षा या वेळी काय बदललं?

या धंद्यात फसलेल्या जवळपास प्रत्येक भागाच्या मुळाशी मला एक न नोंदलेला बदल सापडला आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

आधी एक जुनी गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांकडे मार्क १४ नावाचा टॉर्पेडो होता. डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरल्यापासून कप्तान ओरडून सांगत होते की नेम बरोबर असूनही जहाज बुडत नाही. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं, नेमच चुकला असेल. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ रिअर अॅडमिरल चार्ल्स लॉकवूड यांनी मासेमारीचं जाळं पाण्यात ताणून त्यावर टॉर्पेडो सोडायला लावले आणि जाळ्याला पडलेली भोकं मोजली. टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे ११ फूट खालून जात होते. त्याचं एक कारण आपल्याला फार ओळखीचं वाटेल. शांततेच्या काळातल्या चाचण्यांत पुढे लावलेलं सरावाचं टोक खऱ्या स्फोटक टोकापेक्षा हलकं होतं. चाचणी एका वस्तूची झाली आणि लढाईला दुसरी गेली.

खोली दुरुस्त केल्यावर कळलं की चुंबकीय स्फोटक यंत्रणाही बेभरवशाची आहे, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळ्या समुद्रांत सारखं नसतं. ती बंद केली तेव्हा तिसरा दोष वर आला. टॉर्पेडो जहाजावर सरळ काटकोनात आदळला की आघाताने फायरिंग पिनची यंत्रणाच वाकायची. ती रचना मूळची संथ टॉर्पेडोसाठी होती, हा मात्र ४६ नॉटने धावत होता. तिरका लागला तर फुटायचा, अचूक लागला तर नाही! हे सगळं निस्तरायला १९४३ चा शरद ऋतू उजाडला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक दोष दुसऱ्याला झाकून ठेवतो, म्हणून पहिलं कारण सापडल्यावर थांबायचं नाही. आणि वापरणारा माणूस तक्रार करतो तेव्हा त्याचा नेम तपासण्याआधी आपला माल तपासायचा.

पायरी १: कोटेशन देण्याआधी ड्रॉइंगचा कोपरा वाचा

आपल्याकडे ड्रॉइंग आलं की डोळे आधी मापांवर जातात, सायकल टाइम किती आणि भाव किती. पैसे बुडतात ते डाव्या कोपऱ्यातल्या बारीक टिपांमध्ये. तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं, अमुक स्पेसिफिकेशनप्रमाणे कॅडमियम प्लेटिंग, तमुकप्रमाणे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी. आपण भाव देतो मशिनिंगचा आणि ऑर्डर आल्यावर कळतं की ग्राहकाला मान्य असलेला प्लेटिंगवाला नाशिकमध्ये नाहीच, माल पुण्याला किंवा बंगळुरूला पाठवावा लागणार.

माझी पद्धत साधी आहे. ड्रॉइंगची प्रत काढायची आणि प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला गोल करून क्रमांक द्यायचा. याला बलूनिंग म्हणतात. नंतर पहिल्या नगाच्या तपासणीला तेच लागतं, मग कोटेशनच्या वेळीच का करू नये? प्रत्येक बलूनपुढे चार गोष्टी लिहा: हे कसं बनवणार, कशाने मोजणार, बाहेरून काय करून घ्यावं लागेल आणि कुठली स्पेसिफिकेशन हातात नाही. जी हातात नाही ती आधी मागवा. "साधारण तसंच असतं" असं म्हणून कोटेशन देऊ नका.

ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि पीओवरचा (खरेदी ऑर्डरवरचा) रिव्हिजन नंबर जुळतात का, हेही त्याच वेळी पाहा. न जुळणारे कागद मी जितक्या वेळा पाहिलेत तितके न जुळणारे जॉब पाहिलेले नाहीत.

तपासणी कोण करणार, हेही आधीच विचारून ठेवा. लष्कराच्या सामग्रीला साधारणपणे डीजीक्यूए म्हणजे गुणवत्ता हमी महासंचालनालय असतं, विमानाशी संबंधित मालाला डीजीएक्यूए. उडण्यायोग्यतेची मान्यता देण्याचं काम डीआरडीओच्या सेमिलॅककडे. गुणवत्ता आराखड्यात म्हणजे क्यूएपीमध्ये कुठल्या टप्प्यावर काम थांबवून निरीक्षकाला बोलवायचं ते लिहिलेलं असतं. तो टप्पा ओलांडून पुढे गेलात तर जॉब कितीही चांगला असो, तो परत उघडावा लागतो किंवा भंगारात जातो. निरीक्षक यायला दोन आठवडे लागू शकतात, ते दिवस डिलिव्हरीत धरा.

पायरी २: डिझाइन तुमचं असेल तर

बहुतेकांना बिल्ड-टू-प्रिंटचं, म्हणजे ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून द्यायचं काम असतं, त्यांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल. पण काही जण आता स्वतःचे इलेक्ट्रॉनिक डबे, माउंट, केबल असेंब्ली बनवू लागलेत, त्यांच्यासाठी.

आधी हिशेब. एखाद्या डब्यात १०० घटक आहेत, प्रत्येकाची भरवशाची पातळी ९९ टक्के आहे आणि एक जरी गेला तरी डबा बंद पडतो. मग पूर्ण डब्याचा भरवसा ९९ टक्के नसतो. ०.९९ ला स्वतःने शंभर वेळा गुणलं की उत्तर साधारण ३७ टक्के येतं. म्हणून घटक कमी करणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. एक कनेक्टर वाचवला तर त्याचे सगळे सोल्डर जोड वाचले.

एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, या आकड्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. एमटीबीएफ १००० तास म्हणजे डबा १००० तास चालेल, असं नव्हे. बिघाडाचा दर स्थिर धरला तर १००० तासांपर्यंत न बिघडता टिकणारे डबे फक्त ३७ टक्के असतात. ग्राहकाला खरं हवं असतं ते वेगळंच. चार तासांच्या मोहिमेत हा बंद पडणार नाही, याची शक्यता किती? एमटीबीएफ १०० तास असेल तर ती साधारण ९६ टक्के. शंभर मोहिमांत चार फसल्या तर चालेल का, हे तुम्ही नाही, त्याने ठरवायचं.

दुसरी गोष्ट, डबा कुठे राहणार आहे? राजस्थानात उन्हात उभ्या गाडीत की सियाचीनला? इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी आपल्याकडे जेएसएस ५५५५५ हे चाचण्यांचं मानक आहे, अमेरिकी एमआयएल-एसटीडी-८१० सुद्धा सगळीकडे चालतं. ८१० चं मुख्य सांगणं असं की चाचण्या जशाच्या तशा उचलू नका, उपकरणाच्या आयुष्यात खरोखर जे होणार त्याप्रमाणे निवडा. ट्रकमध्ये चार दिवस आदळत जाणारा डबा नंतर तंबूत शांत पडून राहणार असेल तर त्याची खरी लढाई ट्रकमध्येच आहे.

सीलबंद डब्यांची एक खोड लक्षात ठेवा. दिवसा तापतात, रात्री थंड होतात आणि थंड होताना आत हवा ओढतात. सील जरा जरी सैल असेल तर हवेबरोबर ओल आत येते आणि बाहेर जात नाही. काही महिन्यांनी उघडलं तर तळाशी पाणी! आपल्याकडे हे पाहायला लांब जायला नको, इगतपुरीला एक पावसाळा डबा उघड्यावर ठेवा. तसंच अॅल्युमिनियमच्या हाउसिंगला स्टेनलेसचे स्क्रू लावले की खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम खात जातं. ८१० मधली मिठाच्या फवाऱ्याची चाचणी ५ टक्के द्रावणात, ३५ अंशांवर, २४ तास फवारा आणि २४ तास कोरडं, असे दोन फेरे चालते. अशा डब्यांचे स्क्रू मी या चाचणीनंतर ड्रिलने काढलेले पाहिलेत.

एफएमईए (काय काय बिघडू शकतं आणि त्याने काय होईल याचा तक्ता) करा, पण ग्राहकाला दाखवायला नको. असेंब्ली करणाऱ्या मुलीला आणि फिटरला सोबत बसवा आणि विचारा, "हे उलटं बसू शकतं का?" दोघांची उत्तरं इंजिनिअरच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी निघतात. उलटं बसू शकत असेल तर ते कधीतरी उलटं बसणारच. पिनची जागा बदला, वॉर्निंगचं स्टिकर लावून समाधान मानू नका.

पायरी ३: माल ओळखा आणि तो ओळखीचाच राहू द्या

बार येतो तेव्हा त्याच्या टोकाला रंग असतो, कधी हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, ठोकलेला असतो. आपला हेल्पर काय करतो? तेच टोक खराब आहे म्हणून आधी कापतो. उरलेला पाच फूट बार अनाथ! म्हणून नियम करा की कापायचं ते न रंगवलेल्या टोकाकडून, आणि तुकडा कापण्याआधी हीट नंबर त्यावर यायला हवा, मार्करने का होईना. जॉबबरोबर फिरणाऱ्या रूट कार्डवरही तोच नंबर. सहा महिन्यांनी एखादा नग तडकला आणि त्याच हीटचे बाकीचे कुठे गेले हे सांगता आलं नाही, तर ग्राहक सगळेच परत मागवतो.

माल तपासायला एक्सआरएफची गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र, आता सहज मिळते. ती चांगली आहे, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. तिला कार्बन दिसत नाही, त्यामुळे ३०४ आणि कमी कार्बनचं ३०४एल या स्टेनलेसमधला फरक तिला कळत नाही. त्याला स्पार्क स्पेक्ट्रोमीटर लागतो. टेंपर, म्हणजे हीट ट्रीटमेंटने आलेली अवस्था, तीही तिला दिसत नाही. ७०७५ अॅल्युमिनियमचं टी६ आणि टी७३ यांत धातू एकच, फरक फक्त हीट ट्रीटमेंटचा. गन दोघांना "७०७५" म्हणेल. पण टी६ ताणाखाली गंजून तडकायला जास्त बळी पडतं, टी७३ त्याच कारणासाठी निवडलेलं असतं. हा फरक विद्युतवाहकता मोजून कळतो. टी६ साधारण ३३ टक्के आयएसीएसच्या (तांब्याच्या तुलनेत वाहकता) आसपास दाखवतं, टी७३ हे ३८ च्या वर. मीटर महाग वाटला तर नाशिक-पुण्यातल्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटचा एक तुकडा पाठवा. व्यापाऱ्याच्या झेरॉक्स एमटीसीवर (मालाच्या चाचणीच्या प्रमाणपत्रावर) विसंबू नका, मूळ मिलचं ३.१ प्रकारचं प्रमाणपत्र मागा.

पायरी ४: मोजण्याआधी हात लावून बघा

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं नव्या मुलांना सांगतोय. अंबडमधल्या एका शॉपमध्ये, जानेवारीची सकाळ. त्या आठवड्यात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर होता, आमच्या शॉपमध्ये १४. अॅल्युमिनियमचं हाउसिंग, १२० मिमी बोअर (आतलं भोक), टॉलरन्स एच७. म्हणजे शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन. ऑपरेटर जॉब मशिनवरून काढायचा, पुसायचा, लगेच बोअर गेज घालायचा. गेज मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी कड्यावर, शून्य केलेलं, रिंग रात्रभर ग्रॅनाइटवर पडलेली. सगळे नग अधिक २० दाखवत होते. मस्त. अठरा नग पास झाले.

दुपारी असेंब्लीत बेअरिंग बसेना. फिटर म्हणाला, "सर, बेअरिंगच मोठं आलंय." पुन्हा मोजलं तर सगळे बोअर उणे सात-आठ मायक्रॉन.

हिशेब करा. जॉब ३४ अंशांवर होता, म्हणजे मापनाच्या ठरलेल्या २० अंशांपेक्षा १४ वर. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, १२० मिमीवर ते झालं ३९ मायक्रॉन. पोलादी रिंग २० पेक्षा ६ अंश थंड, ती ८ मायक्रॉन आखडलेली. एकत्र ४७ मायक्रॉनची खोटी वाढ, आणि टॉलरन्स होतं ३५ चं! सकाळी अधिक २० दिसणारा बोअर खरा उणे २७ होता. दुपारीही शॉप पुरतं तापलेलं नव्हतं आणि जॉब उन्हाच्या बाजूच्या टेबलावर होते, म्हणून उणे सात दिसलं. नशीब, बोअर लहान निघाला होता, पुन्हा घासता आला. मोठा निघाला असता तर अठरा हाउसिंग रद्दीत गेली असती.

तेव्हापासून आमचा नियम असा की जॉब, रिंग आणि गेज एकाच ग्रॅनाइटवर निदान दोन तास शेजारी बसतील, मगच माप. घाई असेल तर जॉबला हाताची पाठ लावून पाहा. गरम लागला तर गेज खाली ठेवा.

मोजणाऱ्यांचीही परीक्षा घ्या. दहा नग, तीन माणसं, प्रत्येकी तीनदा, नंबर झाकून. याला गेज आरअँडआर म्हणतात. चूक टॉलरन्सच्या १० टक्क्यांत असेल तर छान, ३० च्या वर गेली तर ती पद्धत निकामी. दोन पिढ्यांचा अनुभव असलेला आमचा एक इन्स्पेक्टर यात नापास झाला आणि नव्या आयटीआयच्या मुलीने त्याला मागे टाकलं. चष्म्याचा नंबर वाढला होता, बाकी काही नाही.

पायरी ५: पहिला नग

एएस ९१०२ या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी तीन फॉर्ममध्ये होते. पहिल्यात कुठला भाग आणि त्यात काय काय आलं, दुसऱ्यात माल आणि प्रक्रिया, तिसऱ्यात बलून केलेलं प्रत्येक माप. लोक हा ग्राहकाने लादलेला कागद समजतात. खरं तर बारा नगांच्या लॉटमध्ये तुमचा सगळ्यात मोठा आधार हाच आहे, कारण त्यात "सगळं नीट होतं तेव्हा ते कसं होतं" याचं छायाचित्र असतं.

छायाचित्र म्हणूनच घ्या. फिक्स्चरवर जॉब कसा बसला, कुठला इन्सर्ट (कापणारं पातं), किती आरपीएम, प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती, मोबाइलने काढलेले दोन फोटो, सगळं त्याच फाइलमध्ये. आठ महिन्यांनी पुन्हा ऑर्डर आली की आधी ती फाइल उघडा. जागा, मशिन, प्रक्रिया, पुरवठादार किंवा प्रोग्राम यातलं काही बदललं असेल तर निदान त्या भागापुरती पहिल्या नगाची तपासणी पुन्हा करावी लागते. दोन वर्षं तो भाग बनलाच नसेल तरीही करावी लागते.

पायरी ६: बाहेरच्या कामांकडे जाऊन बसा

हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, अॅनोडायझिंग, वेल्डिंग या कामांत जॉबकडे नुसतं बघून तो चांगला की वाईट कळत नाही. म्हणून त्यांना विशेष प्रक्रिया म्हणतात आणि म्हणूनच ग्राहक त्यांची वेगळी मान्यता मागतात.

एका कामात आम्ही जास्त ताकदीच्या पोलादाच्या पिना प्लेटिंगसाठी बाहेर दिल्या होत्या. परत आल्या त्या चकचकीत, जाडी बरोबर, कागदपत्रं बरोबर. माझ्या मनात एक शंका होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी दहा पिना एका ब्लॉकमध्ये टॉर्क देऊन ठेवल्या. सोमवारी सकाळी टेबलावर तीन डोकी पडली होती. कोणी हात लावला नव्हता.

हायड्रोजन. प्लेटिंगच्या वेळी तो पोलादात शिरतो आणि ताणाखाली काही तासांनी, कधी काही दिवसांनी, काचेसारखी तड पाडतो. उपाय ठाऊक आहे. प्लेटिंग झाल्यावर ठरलेल्या वेळेत, बहुतेक स्पेसिफिकेशन चार तास म्हणतात, जॉब भट्टीत जायला हवा आणि साधारण १९० अंशांवर बराच वेळ भाजायला हवा. किती वेळ, ते पोलादाची ताकद आणि स्पेसिफिकेशन ठरवतं, काही ठिकाणी २३ तास सुद्धा. प्लेटिंगवाल्याच्या रजिस्टरमध्ये भट्टीची वेळ होती, टाकीतून काढल्याची वेळ नव्हती. त्या दिवशी दुपारी वीज गेली होती आणि माल रात्री भट्टीत गेला होता, एवढंच. त्याने काही लपवलं नाही, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आता आमच्या चलनावर दोन रकाने छापलेत, टाकीतून बाहेर किती वाजता आणि भट्टीत किती वाजता. शिवाय प्रत्येक लॉटमधले काही नग ताण देऊन २०० तास ठेवतो.

अॅनोडायझिंगचं सोपं आहे, पण तिथेही सगळे ठेचकाळतात. हार्ड अॅनोडायझिंगचा ५० मायक्रॉन थर साधारण निम्मा धातूच्या आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे बोअरला प्रत्येक बाजूने २५, व्यासावर ५० मायक्रॉन कमी. ड्रॉइंगवरचं माप थराआधीचं की नंतरचं, हे पहिल्याच पायरीत विचारायचं असतं. आटे झाकून घ्यायला सांगा, नाहीतर आटे तपासायचं गो गेज आत जाणार नाही.

पायरी ७: बदलाची वही

अमेरिकेच्या एम-१६ रायफलचं प्रकरण प्रसिद्ध आहे. ती विकसित झाली तेव्हा काडतुसात एक दारू होती, १९६४ मध्ये सैन्याने दुसऱ्या प्रकारची बॉल पावडर आणली. दारूने सगळे कागदी निकष पाळले. पण एकामागून एक गोळ्या झाडण्याचा दर वाढला, काजळी वाढली, त्यात चेंबरला क्रोम प्लेटिंग नव्हतं आणि सैनिकांना साफ करायचं सामान पुरेसं दिलं गेलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये रायफली ऐन वेळी अडकायला लागल्या आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. नंतर चेंबर क्रोम केले, साफसफाईचे संच दिले. रायफल तीच होती, तिच्या भोवतीचं काहीतरी बदललं होतं.

तुमच्या शॉपमध्ये हे रोज होतं. कूलंटचा ब्रँड बदलला. इन्सर्ट मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा लावला. ओ-रिंग जुन्या लॉटच्या वापरल्या, त्यांची मुदत संपली होती. लॉकटाइटऐवजी "तसंच" काहीतरी आलं. यातले बरेच बदल निरुपद्रवी असतात, पण कुठला निरुपद्रवी हे ऑपरेटरने ठरवायचं नसतं.

सॉफ्टवेअर घेऊ नका. लाल कव्हरची वही मशिनजवळ ठेवा. काय बदललं, कधी, कोणी, का, आणि क्वालिटीची सही. तीच सही ठरवते की ग्राहकाला कळवायचं का. पहिल्या महिन्यात वही कोरी असेल. याचा अर्थ बदल झाले नाहीत असा नाही. लोक घाबरतात. मालकाने स्वतः पहिली नोंद करावी, आणि जिच्यामुळे चूक पकडली त्या नोंदीसाठी कोणाला ओरडू नये. ओरडलात की वही कायमची कोरी.

पायरी ८: किती नग तपासायचे

इथे लोक स्वतःची सर्वाधिक फसवणूक करतात. "पाच तपासले, पाचही पास, म्हणजे शंभर टक्के." एकही न फसता ९० टक्के भरवसा ९० टक्के खात्रीने सांगायचा असेल तर २२ नग लागतात. ९९ टक्के भरवसा त्याच खात्रीने सांगायचा तर २३०. बारा नगांच्या ऑर्डरमध्ये हे शक्य नाही, म्हणून नग तोडून नव्हे तर प्रक्रिया आवळून भरवसा मिळवावा लागतो. वरच्या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच.

इलेक्ट्रॉनिक डब्यांना मात्र प्रत्येक नगावर थोडा ताण द्या. तापमानाचे फेरे आणि रँडम व्हायब्रेशन. कच्चे सोल्डर जोड इथेच सुटतात, ग्राहकाकडे नाही. व्हायब्रेशन टेबलावर डबा चालू ठेवून तपासा. बंद डबा हलवला आणि नंतर चालू केला तर हलताना येणारे क्षणिक खंड निसटतात.

पायरी ९: परत आलेला भाग

परत आलेला डबा पाहिला की शॉपमध्ये सगळ्यांना तो लपवायचा असतो. क्वालिटीने तो आधी ताब्यात घ्यावा. फोटो काढा, डबा न उघडता. कुठे वापरला, किती तास, शेवटी काय झालं हे वापरणाऱ्या माणसाला फोन करून विचारा. त्याच्या फॉर्मवरच्या "काम करत नाही" या तीन शब्दांवर थांबू नका. मग उघडा, थर काढल्यासारखं, प्रत्येक टप्प्याला फोटो. त्यानंतर त्या नगाचं रूट कार्ड, हीट नंबर आणि लाल वही समोर ठेवून तारखा जुळवा. कारण सापडलं की पुन्हा एकदा विचारा, हे दुरुस्त केल्यावर मागे आणखी काही उरतं का? मार्क १४ मध्ये दोनदा उरलं होतं.

आणि भाग धुऊ नका. आमच्याकडे एकदा परत आलेला अॅक्च्युएटर हेल्परने चांगल्या मनाने डिझेलने स्वच्छ धुऊन, पुसून, माझ्या टेबलावर आणून ठेवला. ग्रीसमध्ये अडकलेला धातूचा कीस, तो कुठल्या बाजूला होता, किती होता, सगळं नाल्यात गेलं. त्याचं कारण आम्हाला कधीच कळलं नाही. आता तपासणीच्या खोलीच्या दारावर पाटी आहे, "परत आलेला माल जसा आहे तसा." खाली त्याच हेल्परची सही आहे, त्यानेच हौसेने केलेली.